आनंदीचा बुटका खांब

तारकर्लीच्या तिठ्यावर भेंडाच्या झाडाखाली पाच जणी मासे घेऊन बसायच्या. त्यांतली चौथी आनंदी कुबल. चौथी ती बसण्याच्या क्रमाने. बोलण्याच्या क्रमाने पहिली, आणि मग बाकीच्या चौघींची पाळी आली तर आली.

तिच्याकडे मासे घेणाऱ्याला गावची खबर फुकट मिळे. कुणाच्या झिलाचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणाच्या सुनेने वेगळी चूल मागितली, मुंबईहून आलेला चाकरमानी खरंच रजेवर आलाय की नोकरी सोडून, हे सगळं बांगड्यांबरोबर पिशवीत पडायचं. काही लोक म्हणत, बांगडे नुसते निमित्ताला. ह्यात थोडा आकस असेल, पण खोटं फार नाही.

तरी आनंदीचं खरं नाव होतं ते तिच्या हातासाठी. 'आनंदीचो हात मोठो,' असं अख्खी वाडी म्हणे. हे नाव तिला आयतं मिळालेलं नव्हतं. आधी ह्याच झाडाखाली, ह्याच जागी तिची सासू बसायची आणि तिच्याकडून एक मासा जास्त काढणं म्हणजे तिचा दात काढण्यासारखं होतं. सासू गेली, टोपली आनंदीच्या डोक्यावर आली, तेव्हा पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं टोपली बघूनच वाट वाकडी करून गेली. नव्या नवरीसारखी आनंदी दुपारपर्यंत मासे राखत बसली. त्या दिवशी तिने मनात धरलं की ह्या टोपलीचं नाव बदलायचं.

तिने रीत काढली ती अशी. जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटात एका भावाचा ढीग, म्हणजे वाटा, लावायचा तो लहान. गिऱ्हाईक नाक मुरडणार, शेजारच्या ताटाकडे बघणार, घासाघीस होणार. सौदा ठरला, ताटातले बांगडे पिशवीत गेले, की मग आनंदी टोपलीत हात घाली. "ह्यो तुझ्या नातवाक." एक बांगडा पिशवीत. "आणि ह्यो तुझ्या घोवाक. परवा माका बघून हसलो तो." दुसरा बांगडा. "पुरे गो, पुरे," म्हणत गिऱ्हाईक पिशवीचं तोंड आणखी रुंद करी. घरी जाऊन कुणी मोजत नसे. वर घातलेलं मोजायचं नाही, अशी इकडची रीत. मोजलं तर ते वर घातलेलं राहतच नाही, विकतचं होतं.

तिच्या शेजारी, पाचवी, विमला. विमलाचा वाटा बघण्यासारखा. बांगडे पोटाकडून वर, शेपट्या एका रेषेत, देवळाच्या पायऱ्यांसारखी रचना. पण ते ताट पिशवीत उपडं केलं की विमलाचे हात पुन्हा मांडीवर. वर बांगडा नाही, वर शब्द नाही. विमलाला मनातून वाटे की आपण आनंदीपेक्षा जास्त देतो आणि लोक आंधळे आहेत. ती ते बोलून दाखवी, आणि लोक तिला जळकी म्हणत.

आनंदीचा नवरा बाबू दुसऱ्यांच्या होडीवर जाई. माणूस शांत. घरात बोलायला जागा मिळत नाही म्हणून समुद्रावर जातो, असं लोक म्हणत. आणि मुलगी अक्षदा, नववीतली, ती तर बापाच्या वर. आनंदीच्या पोटी असं मुकं चेडू कसं आलं, ह्यावर तिठ्यावर बऱ्याच गजाली झाल्या होत्या. अक्षदाला कुणी काही विचारलं की ती आधी पायाच्या अंगठ्याकडे बघे, मग उत्तर अंगठ्याला सांगे.

दोन हजार तीन सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. ओरोसला, म्हणजे कागदावरच्या सिंधुदुर्गनगरीत, जिल्ह्याचं गणिताचं प्रदर्शन भरायचं होतं. शाळेतून दर वर्षी एक प्रकल्प जाई, आणि दर वर्षी तो थर्मोकोलचाच असे. गणिताचे परशुराम गावडे सर त्या थर्मोकोलला कंटाळले होते. सर कुडाळकडच्या भातशेतीच्या घरातले. भाताच्या जाती झोपेत सांगतील, पण बांगडा आणि तारली शेजारी ठेवली तर दोन्हींना मासा म्हणून मोकळे होतील. एकदा तिठ्यावर एसटीची वाट बघताना त्यांचं लक्ष त्या पाच ताटांकडे गेलं. एकाच भावाचे वाटे, आणि प्रत्येकीचा वेगळा. सरांना त्यात मासे दिसलेच नाहीत. त्यांना सरासरी दिसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्षदाला बोलावलं. आखणी सोपी होती. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासे खायचे वार. त्या दिवशी शाळेआधी तिठ्यावर जायचं, मध्यम आकाराच्या बांगड्यांचे वाटे बघायचे, प्रत्येक ताटातले बांगडे मोजायचे. नावं लिहायची नाहीत, क, ख, ग, घ, च अशी अक्षरं द्यायची. तीन आठवडे मोजून प्रत्येकीची सरासरी काढायची आणि स्तंभालेख काढायचा. अक्षदाने अंगठ्याला होय म्हणून सांगितलं.

झाडाखालच्या बायकांना आधी हे पसंत नव्हतं. मोजल्याने बरकत जाते. शेवटी विमलानेच तोड काढली, की पहिल्या बांगड्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, मग हरकत नाही. तेव्हापासून अक्षदा ताटांपुढे उकिडवी बसून पुटपुटायला लागली, लाभ, दोन, तीन. आनंदीला त्याचा केवढा अभिमान. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे की आमचं चेडू बाजार ओरोसला नेणार आहे.

तीन आठवडे झाले. एका संध्याकाळी अक्षदा ओटीवर कार्डशीट पसरून रंगीत खांब काढत बसली होती. आनंदी दारात तांदूळ निवडत होती. तिला अक्षरओळख सहीपुरती, पण खांब वाचायला शाळा लागत नाही. हे काय म्हणून तिने विचारलं. हा आपला तिठा, अक्षदा म्हणाली, जिचा वाटा जास्त तिचा खांब उंच.

आनंदी सूप ठेवून पुढे आली.

"ह्यातलो आपलो खंयचो?"

"चौथो."

"चौथो माका दिसणा नाय."

"आसा. बुटको आसा, म्हणान दिसणा नाय."

दिसला तेव्हा आनंदी खाली बसली. चारही खांबांच्या मध्ये तिचा खांब असा होता, की जणू चार उंच माणसांत एक जण चप्पल शोधायला वाकलाय. आणि त्याच्या शेजारी विमलाचा, सगळ्यात उंच, गुलाबी रंगाचा. गुलाबी रंग अक्षदाने सहज दिला होता, पण आनंदीला तोही झोंबला.

त्या रात्री ती जेवायला बसली, पण जेवली नाही. बाबूने कारण विचारलं, ते ऐकून घेतलं, आणि भात कालवता कालवता म्हणाला, "फाल्यापासून चार बांगडे जास्त घाल. विषय सपलो."

बाबू वर्षातून एखादं वाक्य बोलायचा आणि त्याने गावात काहीतरी व्हायचं.

गोष्ट घरात राहिली असती तर बरं झालं असतं. पण आनंदीच्या पोटात दुसऱ्यांच्याच गजाली राहत नसत, तर स्वतःची कशी राहील. सकाळी तिने झाडाखाली बसल्याबसल्या गणित ह्या विषयाला शिव्या द्यायला सुरुवात केली, आणि दहा वाजेपर्यंत सगळ्यांना कळलं की कुणाचा खांब बुटका. विमलाने ताटातला एक बांगडा सरळ केला. मग समोरच्या झाडाला सांगावं तसं म्हणाली, "इतके दिवस मी सांगी तर माका जळकी म्हणीत. आता गणित सांगता हा."

आनंदीला त्यावर उत्तर सुचलं नाही. हे गावाने पहिल्यांदाच बघितलं, आणि तेही संध्याकाळपर्यंत देवबागेपर्यंत पोचलं.

ओरोसला अर्धा जिल्हा येतो. सरकारी क्वार्टरमधली माणसं रविवारी तारकर्लीला फिरायला येतात, ह्याच झाडाखाली मासे घेतात. त्यांच्यासमोर तो खांब टांगला जाणार. सासूच्या टोपलीचं नाव पुसायला आनंदीचा जन्म गेला होता, आणि तो कागद ते एका सकाळी परत लिहिणार होता. अक्षरं घातली म्हणून काय झालं. तारकर्लीत घ म्हणजे आनंदी हे शेंबड्या पोराला कळलं असतं.

सरांनी सांगितलं होतं की प्रदर्शनापर्यंत मोजणी चालू ठेवायची. तेवढाच आनंदीला आधार. पुढच्या बुधवारी अक्षदा ताटापुढे बसली, तर आईच्या ताटात बांगडे काठाबाहेर. लाभ, दोन, तीन करता करता तिचा श्वास पुरेना. शेजारी विमलाने हे तिरक्या नजरेने बघितलं आणि टोपलीतून आणखी ओंजळ काढली. बाकीच्या तिघींना आधी समजेना, मग समजलं. आपला खांब तरी कशाला कमी दिसू द्या.

शुक्रवारी वाटे ताटात मावेनात. रविवारी ताटं बदलून पराती आल्या. गिऱ्हाइकं काही दूधखुळी नव्हती. बाजार सकाळी लवकर उघडे, पण आता लोक पिशव्या काखेत मारून बाजूच्या कट्ट्यावर बसून राहत. तलाठी म्हणून निवृत्त झालेले भिकाजी तर पेपर घेऊनच येत आणि मधूनमधून विचारत, "मोजणारा चेडू इला काय गो?" अक्षदा येताना दिसली की कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहत. मुख्यमंत्र्यासाठी कोणी एवढ्या तत्परतेने उठलं नसेल. त्या दोन आठवड्यांत तारकर्लीत बांगडा इतका शिजला की मांजरांनी तोंड फिरवलं.

शाळेत गावडे सर आकडे बघत आणि खूश होत. सगळे खांब एकदम वाढताहेत, म्हणजे हंगामाचा परिणाम, ह्यावर वेगळं पान लिहू. सरांना हंगाम म्हणजे भाताचा माहीत. मासा एका बुधवारी असा पिकत नाही हे त्यांना कोण सांगणार. त्यांनी एका सोमवारी, पाहुणे येणार म्हणून, स्वतःच पिशवी घेऊन तिठा गाठला. सोमवार हा मोजणीचा वार नव्हता. ताटांत पुन्हा जुनेच लहानसे वाटे होते, आणि पाचही बायका सरांकडे बघून अशा हसल्या की सर न विचारताच सगळं समजले.

"आकडे बाटले," एवढंच ते अक्षदाला म्हणाले. वाढीव आठवड्यांचं काही खरं नाही. ओरोसला जायचे ते पहिल्या तीन आठवड्यांचे आकडे.

मात्र त्याआधीच्या रविवारी तिठ्यावर एक प्रकार घडला होता, आणि तो सरांना माहीत नव्हता. पद्मावती म्हणून एक म्हातारी, आनंदीचं जुनं गिऱ्हाईक. आनंदीने तिच्या पिशवीत परातीतले बांगडे ओतले आणि हात पुसले. पद्मावती हलेना. पिशवीचं तोंड उघडं धरून तशीच उभी.

"सपला?" तिने विचारलं.

"सपला म्हणजे? इतक्या तुका कधी गावला होता?"

"ता ताटातला. वरचा खंय?"

"वरचा धरूनच ताटात घातलंय गो. मोज व्हया तर."

"मोजूक कित्या? ता मी इकत घेतलंय. तू काय दिलंस?"

आनंदीने टोपलीत हात घातला. टोपलीत बर्फाशिवाय काही उरलं नव्हतं. म्हातारी भरलेली पिशवी घेऊन तोंड पाडून गेली, आणि जाताना देवळाशी दोघींना सांगून गेली की आनंदी पण आता सासूवर गेली. आनंदी त्या दोन आठवड्यांत गिऱ्हाइकाशी धड बोललीही नव्हती. बोलणार कशी, लक्ष सगळं शेजारच्या परातीकडे. दुपटीने मासे देऊन तिने स्वतःचं नाव खाली आणलं होतं. पुढच्या बुधवारी तिने परात घरी ठेवली आणि जर्मलचं ताट परत काढलं. तिचं बघून बाकीच्यांनीही पराती घरी नेल्या, कारण घरची माणसं एव्हाना मिळकत कुठे जाते म्हणून विचारायला लागली होती.

पण कागदाचं काय? सरांचा निर्णय अक्षदाने घरी सांगितला तेव्हा आनंदी चुलीपुढे होती.

"ओरोसाक तो कागद न्हेव नको."

"न्हेवचो लागतलो, आये."

"मगे माझो खांब वायच वर काढ. पेन्सिल तुझ्याच हातात आसा."

अक्षदाने अंगठ्याकडे बघितलं नाही. आईकडे बघितलं.

"पेन्सिल माझ्या हातात आसा. बांगडे तुझ्या."

बाबू भिंतीला टेकून जाळं शिवत होता. त्याची सुई थांबली. आनंदी चूल फुंकत राहिली, पेटलेलीच.

अक्षदाला मात्र झोप नव्हती. पद्मावती बोलली तेव्हा ती शेजारीच उकिडवी बसली होती. 'ता मी इकत घेतलंय.' म्हणजे आपण विकलेलं मोजत होतो, दिलेलं मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने सरांना एवढं लांब वाक्य सांगितलं की सरांनी खडू खाली ठेवला. सर, ती म्हणाली, आपण चुकीच्या जागी मोजलं, ताटात नाही, पिशवीत मोजायला हवं होतं. सर म्हणाले, पटतंय, पण लोकांच्या पिशव्या तपासायला तू काय जकात नाक्यावर आहेस?

त्याचीही सोय गावात होतीच. इकडे हातात पिशवी घेऊन चाललेल्या माणसाला 'काय गावला?' असं विचारलं नाही तर त्याला वाटतं आपल्यावर कोण रागावलंय. आणि विचारलं की तो थांबणार, पिशवी उघडणार, एकेक मासा दाखवणार. अक्षदा तिठ्यापासून पुढे, वळणावरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली. झाडाखालून ती दिसत नव्हती. आयुष्यात ज्या मुलीने कुणाला वेळ विचारली नाही, ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागली, काय गावला, कोणाकडसून घेतलास? लोकांना मुलगी मुकी नाही ह्याचाच आनंद. त्यांनी पिशव्या उघडल्या, भाव सांगितला, कुणाच्या घरी कोण जेवायला आहे तेही सांगितलं. भिकाजी तलाठ्यांनी तर बांगडे मोरीवर ओळीने मांडून दाखवले. बायकांना पत्ता नाही, त्यामुळे कुणी जास्त घालण्याचा प्रश्न नाही. अक्षदा रोज मोजत गेली, आणि दर दिवशी तिचं तोंड जरा लहान होत गेलं.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तिने आईला सांगायचा प्रयत्न केला. आता प्रत्येकीचे दोन खांब आहेत, म्हणाली, एक ताटाचा, एक पिशवीचा. पिशवीचा हे ऐकताच आनंदीने तिला थांबवलं. तिच्या चेहऱ्यावर महिन्याने ऊन पडलं होतं. "सांगा नको. मी थयच बघतंय."

एवढ्यावर थांबली असती तर ती आनंदी कसली. ती तशीच विमलाच्या दारात गेली आणि उद्या ओरोसला चल म्हणून आमंत्रण देऊन आली. तिकीटसुद्धा मीच काढते म्हणाली. विमलाने ओळखायचं ते ओळखलं, आणि जरीकाठाची साडी बाहेर काढली.

सकाळच्या एसटीत पुढच्या बाकावर सर कार्डशीटची गुंडाळी लहान मुलासारखी मांडीवर घेऊन, आणि मागच्या बाकावर दोघी, केसांत अबोलीचे वळेसार माळून, लग्नाला निघाल्यासारख्या. कसाल येईपर्यंत त्या एकमेकींशी अत्यंत गोड बोलत होत्या. ज्यांना त्या माहीत होत्या ते घाबरूनच होते.

प्रदर्शनात थर्मोकोलचा पूर होता. एका शाळेने बटण दाबलं की दिवे लागणारं वर्तुळ आणलं होतं, त्यापुढे रांग. अक्षदाचं टेबल कोपऱ्यात. सरांनी कागद टाचला, आणि आनंदी पुढे सरकली. तिने चौथं घर शोधलं. पहिला खांब तसाच, बुटका. त्याच्या शेजारचा पिशवीचा खांब चांगला दांडगा वाढलेला. तिचा हात नकळत पदरावरून फिरला. मग तिने शेजारचं घर बघितलं. विमलाचे दोन्ही खांब सारखे, एकाही बांगड्याची वाढ नाही. पण तो गुलाबी खांब आनंदीच्या वाढलेल्या खांबाच्याही वर होता. फार नाही, नारळाच्या झाडावर कावळा बसला तर जेवढं झाड उंच दिसेल तेवढाच. पण वर होता.

आनंदीने पुन्हा बघितलं. बघून काय वाढणार?

तेवढ्यात परीक्षक आल्या. पांढऱ्या केसांच्या बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. अक्षदाने पुस्तकी मराठीत सांगायला सुरुवात केली, आवाज आधी कापरा, मग सरळ. तिने ताटातली सरासरी सांगितली. मग एक वेगळा लहान आलेख दाखवला, त्यात खांब कागदाबाहेर निघाले होते. मोजतात हे कळल्यावर वाटे वाढले, म्हणून हे आकडे मी वगळले, पण ते घडलं म्हणून दाखवते, असं ती म्हणाली. बाई हसल्या, आजूबाजूचे लोक हसले, दिव्यांच्या रांगेतले काही जण इकडे वळले. मग तिने पिशवीची सरासरी सांगितली. पाच दिवसांच्या बाजारांत मिळून सर्वांत जास्त गिऱ्हाईक 'घ'कडे जातं, असंही तिने मोरीवर बसून मोजलं होतं.

बाईंनी चष्मा वर केला. जास्त मासे तर 'च' देते, मग लोक 'घ'कडे का जातात, असं त्यांनी विचारलं. ही 'घ' म्हणजे कोण, बाईंनी पुढे विचारलं. अक्षदाने अंगठ्याकडे बघितलं. अक्षरांमागची नावं सांगायची नाहीत असा प्रकल्पाचा नियम होता.

आनंदीला वाटलं असतं तर ती दारातून सटकू शकली असती. बाहेर उसाच्या रसाची गाडी होती. ती गर्दीतून पुढे आली.

"मी ती," ती म्हणाली. मग कचेरीत बोलतात तसं बोलायचा प्रयत्न केला. "चौथी ती मी. हिची आई. मी आधी कमी घालते आणि मागसून वर घालते. म्हणून लोकांना जास्त वाटतं. मलाही जास्तच वाटत होतं हो."

एवढं बोलून तिचा शुद्ध मराठीचा साठा संपला. बाई वर घालण्याची ही पद्धत सगळीकडे आहे का, वर घालताना काय बोलता, असं बरंच विचारत राहिल्या. आनंदी सांगत राहिली. नातवाचा बांगडा, घोवाचा बांगडा, सगळं. रांग हळूहळू दिव्यांकडून इकडे सरकली. मागे जरीकाठाच्या साडीत विमला उभी होती, आपल्या खांबाच्या बरोबर खाली, मान ताठ करून. तिला वाटत होतं, आता विचारतील, आता विचारतील. सगळ्यात उंच खांब कुणाचा हे शेवटपर्यंत एकानेही विचारलं नाही.

बक्षीस दिव्यांच्या वर्तुळाला मिळालं. अक्षदाला उत्तेजनार्थ. सर म्हणाले, आपल्या शाळेच्या थर्मोकोलला उत्तेजनार्थसुद्धा मिळालेलं अजून त्यांनी बघितलं नाही, तेव्हा हा मान मोठा.

परतीच्या गाडीत गोड बोलणं नव्हतं. विमला खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्या खांबाक कोणी इचारूकच नाय." त्यात टोमणा नव्हता, नुसतं दुःख होतं, आणि आनंदीने त्यावर पहिल्यांदाच तिला हसून घेतलं नाही. तिने पिशवीतली चिक्की तिच्या हातावर ठेवली. विमलाने ती घेतली. एकच ठेवली म्हणून आणखी थोडा वेळ हात पुढे धरला, तेव्हा आनंदीने दुसरीही ठेवली.

मग पुढे वाकून तिने अक्षदाच्या पाठीवर टिचकी मारली.

"विमलाचो खांब माझ्यापेक्षा किती वर?"

"एका बांगड्याच्या आत."

"आत म्हणजे किती, ता सांग."

"अर्ध्याहून वायच जास्त."

आनंदीने विचार केला. "अर्धो बांगडो कोण कोणाक दिता? पुरो एक धर."

त्यानंतरच्या बुधवारी तिठ्यावर सगळं जुन्यासारखं होतं. ताटं लहान, गजाली मोठ्या. अक्षदा मोजायला येत नव्हती, आणि भिकाजी उगाच कट्ट्यावर आशेने बसून होते. आनंदीच्या ताटात तेवढाच बुटका वाटा. पद्मावती आली, नाक मुरडलं, घासाघीस झाली, पिशवी भरली. नातवाचा बांगडा पडला, मेलेल्या नवऱ्याचा पडला, आणि म्हातारी पिशवी मिटायला लागली तेव्हा आनंदीने ती पुन्हा उघडायला लावून आणखी एक टाकला. हा कोणाचा, म्हातारीने विचारलं. आनंदीने क्षणभर नाव शोधलं आणि म्हणाली, देवाचो. पुढच्या गिऱ्हाइकालाही तसाच गेला, त्याच्या पुढच्यालाही. कुणाला सांगितलं नाही, विमलाला तर नाहीच. जे नाव लोक इतकी वर्षं भरवशावर देत होते, ते तिने त्या आठवड्यापासून भरून द्यायला घेतलं.

फरक कळला तो एकट्या बाबूला. पूर्वी दुपारी टोपलीच्या तळाशी घरापुरते राहत, त्यांत आता कपात झाली होती. काही दिवस तो आहे तेवढंच जेवला. मग एका रात्री ताटात एकच बांगडा बघून त्याने वर्षातलं आपलं वाक्य बोलून टाकलं.

"आमच्या वाटणीचे बांगडे हल्ली जातत खंय?"

"ओरोसाक," आनंदी म्हणाली, आणि त्याला भात वाढला.